हंगामाच्या सणाला साक्ष द्यायची आहे आणि 'देव चांगला आहे' हे तोंडातून निघत नाही

शिलाईवाली | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

सर्वांना सलाम. गेली सहा-सात वर्षं मी इथं नुसती वाचते, लिहायची ही दुसरी वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. मी घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. हे एका गोदामात हिशेब लिहायचे. गेल्या जूनमध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वय ४४. साखर नाही, दारू नाही, तंबाखू नाही. दात घासताना हातातून ब्रश पडला. मी म्हटलं, उचला की. ते ब्रशकडं बघत नुसते उभे राहिले. पित्त चढलं असेल म्हणून आम्ही लिंबूपाणी पाजत, तळपाय चोळत बसलो. त्यात दोन तास गेले. मग एक दवाखाना, तिथून दुसरा.

पाय आता काठीवर चालतो. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असतो. पण सगळ्यात अवघड म्हणजे वाचा गेली. एकच शब्द उरलाय, 'उद्या'. पाणी हवं असलं की 'उद्या'. संडासला जायचं असलं की 'उद्या'. मुलीनं दहावीच्या सराव परीक्षेचे मार्क दाखवले तेव्हा तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून 'उद्या, उद्या'. राग आला की तोच शब्द जोरात. आता आम्ही सुरावरून ओळखतो.

बावीस वर्षं ह्यांनी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवली. ती पेटी आमच्याच घरी आहे, कापड टाकून.

आता प्रश्न. मार्चमध्ये आमच्या मंडळीत हंगामाचा सण आहे, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा. पाळकसाहेब परवा घरी आले, प्रार्थना केली आणि म्हणाले, बाई, यंदा साक्ष तुम्ही द्या, संकटातही देव किती चांगला आहे हे तुमच्या तोंडून मंडळीला ऐकू द्या. माणूस मनानं फार चांगला, आठ महिन्यांत एक आठवडा यायचं चुकवलं नाही. मी हो म्हणून गेले. तेव्हापासून झोप नाही. उपासनेत 'परमेश्वर चांगला आहे' असं सगळे म्हणतात तेव्हा मी नुसते ओठ हलवते. देव आहे याबद्दल मला शंका नाही, रोज त्याच्याशी बोलते. तो चांगला आहे म्हणताना जीभ अडते.

येणारे-जाणारे म्हणतात, देवाची काहीतरी योजना असेल. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, काही पाप राहिलं असेल तर कबूल करून टाका. त्या दिवशी मी चहा ठेवला नाही.

साक्षीत काय बोलू? देवाच्या घरात खोटं बोलायचं नाही. आणि अशी जीभ अडणं हा अविश्वास का?

सात_रस्ता | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५१

ताई, सलाम. रोमकरांस पत्र ८:२८ वाचा. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. चादर विणली जाते तेव्हा मागच्या बाजूनं नुसता दोऱ्यांचा गुंता दिसतो, वरून बघणाऱ्याला नक्षी दिसते. आपण खालून बघतो, देव वरून. साक्ष निःशंक मनानं द्या. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

उजनीचं_पाणी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

ताई, थोडं विषयाबाहेरचं विचारतो. तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं आणि भरतं कोण?

धोटा | १० फेब्रुवारी, सकाळी ६:३०

सात_रस्ता, रागावू नका, पण चादरीचा हा दृष्टांत मी लहानपणापासून उपदेशात ऐकतोय आणि दर वेळी हात वर करून उभं राहावंसं वाटतं. मी एकतीस वर्षं जेकार्डच्या मागावर काढली, भोकं पाडलेल्या कार्डावरून नक्षी विणणारा माग. सोलापुरी चादर उलटून बघा. मागं गुंता नसतो, तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल. म्हणून तर ती दोन्ही बाजूंनी पांघरता येते.

आणि तुटलेली तार नक्षीत कधीच नसते. नक्षीचं कार्ड ज्यानं पाडलं त्यानं तुटण्यासाठी वेगळं भोक पाडलेलं नसतं. तार तुटते ती तुटते. सूत कच्चं असतं, हवा कोरडी असते, ताण जास्त होतो. मग कारागीर माग थांबवतो. वाकतो. हजारो तारांतून ती एक तार शोधतो, बोट जिभेला लावून ओलं करतो, गाठ मारतो आणि फणीतून परत ओवतो. गाठ शेवटपर्यंत राहते. चादर हातात घेऊन बोट फिरवलं तर मला आजही कळते.

मला देव असा दिसतो. ताईच्या घरातली तार त्यानं मुद्दाम तोडली असं मी म्हणणार नाही. पण तुटलेली तार तशीच सोडून पुढं विणत जाणारा तो नाही. चांगला आणि कामचुकार कारागीर यांत फरक तेवढाच असतो.

हुरडा_पार्टी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१२

धाग्यावर धाग्याचीच गोष्ट! धोटाकाका, तुम्ही उपदेश करायला लागा, मी पहिल्या बाकावर बसतो.

डाळिंब_सांगोला | १० फेब्रुवारी, दुपारी १:४०

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, काय बोलायचं.

आमची डाळिंबाची बाग होती. तेल्या रोग काय असतो ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आधी पानावर तेलकट डाग, मग फळावर काळे डाग, मग फळ तडकतं. तीन हंगाम फवारण्या केल्या, फांद्या छाटून जाळल्या. शेवटी जेसीबी लावून बाग काढली. मुळासकट झाड निघतं तेव्हा जो आवाज होतो तो मला अजून झोपेत ऐकू येतो. त्याच रविवारी उपासनेत हबक्कूकाचं तिसरं प्रकरण वाचायला माझी पाळी आली. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. मी थांबत थांबत वाचलं. मला तो संदेष्टा वाटलाच नाही, तलाठी वाटला. त्यानं आधी बसून नुकसानीचा पंचनामा केलाय. सहा नुकसानी, एकेक नाव घेऊन. आणि मग 'तरी'. तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन.

आपण मंडळीत पंचनामा गाळून थेट 'तरी'वर येतो, म्हणून ते खोटं वाटतं. तुम्ही पंचनामा करा. मिस्टरांचा हात, वाचा, पेटी, पगार, मुलीची दहावी, लिंबूपाण्यात गेलेले दोन तास. सगळं मंडळीसमोर ठेवा. 'तरी' आला तर आला. नाही आला तर कागद अर्धा राहू द्या.

भाकरी_चटणी | १० फेब्रुवारी, दुपारी ३:१५

शिलाईवाली बाळा, मी आमच्या महिला मंडळात बरीच वर्षं आहे. जीभ अडणं अविश्वास का, एवढ्यापुरतं सांगते.

योहान ११ काढ. लाजर मेला, येशू चार दिवस उशिरा आला. मार्था वेशीबाहेर जाऊन भेटते आणि म्हणते, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते आणि तीही तेच म्हणते. मला आधी वाटायचं, दोघींचं वाक्य एकच कसं? मग माझी आई गेली तेव्हा कळलं. चार दिवस त्या घरात दोघी बहिणी एकमेकींना तेच म्हणत बसल्या असणार. तो असता तर. तो असता तर. येशू त्यांना अविश्वासी म्हणाला नाही. कबर कुठं आहे विचारलं आणि रडला. पाच मिनिटांत लाजराला उठवायचं हे ज्याला माहीत आहे तो रडला.

तुझा हिशेब दोन तासांचा, मार्थेचा चार दिवसांचा. तू त्याच्या तोंडावर बोल.

निवृत्त_परिचारिका | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०२

आधी कामाचं, कारण हे वाचणारे पुष्कळ असतील. तोंड एका बाजूला ओढलं, हात उचलला की खाली येतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी पित्त म्हणायचं नाही. पाणी, लिंबूपाणी, गोळी काहीही तोंडात घालायचं नाही, गिळता येत नसेल तर ते छातीत जातं. जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच थेट न्यायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर तितकं बरं. शिलाईवाली, हे तुझ्यासाठी नाही लिहिलेलं. तुला कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यभर दवाखान्यात काम केलेल्या माणसांनी स्वतःच्या घरी हीच चूक केलेली मी पाहिली आहे.

आता पाप कबूल करा म्हणणाऱ्या बाईंबद्दल. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना सोलापुरातही पलंग हलले. किल्लारी आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. दिवस वर आला तसे जखमी यायला लागले, मिळेल त्या गाडीनं. मातीत माखलेले, नाव विचारलं तर गावाचं नाव सांगणारे. जवळजवळ दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. मी तेव्हा नोकरीला नवी होते. एक आजी मला दिवसभर विचारत होती, आमच्या गावानं काय पाप केलं होतं गं? मला उत्तर आलं नाही. मी तिचे केस धुतले, मातीनं दगड झाले होते.

रात्री घरी लूकचा तेरावा अध्याय उघडला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला, असं प्रभू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. सरळ नाही. दुसऱ्या दिवशी आजीला जाऊन सांगितलं. ती ख्रिस्ती नव्हती. म्हणाली, कोण म्हणालं असं? मी म्हटलं, माझा देव. म्हणाली, मग बरा आहे तुझा देव.

तुझ्या नातलग बाईंना हा अध्याय दाखव. चहाही दे, पण अध्याय आधी.

हुरडा_पार्टी | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

मावशी, शेवटची ओळ वाचून हसलो आणि वरची वाचून रडलो. ऑफिसात बसलोय हो.

सात_रस्ता | ११ फेब्रुवारी, रात्री १२:४०

धोटा, तुमचं दोनदा वाचलं. चादरीबद्दल माझी चूक, मान्य. बाकी मान्य नाही, आणि का ते सांगतो.

२०१६ साली माझा मुलगा गेला. एकोणीस वर्षांचा होता, पुणे रस्त्यावर ट्रकनं उडवला. तुम्ही म्हणता तार तुटते ती तुटते, सूत कच्चं, हवा कोरडी. म्हणजे माझा मुलगा आणि एक ट्रक, बाकी काही नाही? हे घेऊन मला एक रात्रही काढता येत नाही. बायबलातल्या ईयोबावर शबाई लुटारू आले, वीज पडली, खास्दी लुटारू आले, वादळ आलं. तो यातल्या कुणाचंही नाव घेत नाही. परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं म्हणतो. मराठीत आपण मृत्यूला 'देवाज्ञा झाली' म्हणतो ना, ते दोन शब्द मी धरून आहे. आज्ञा असेल तर देणारा आहे, आणि देणारा असेल तर एक दिवस मी त्याला विचारू शकतो. मी पुस्तकातून 'योजना' म्हणत नाही. त्या एका दोरीवर लोंबकळतोय म्हणून म्हणतो.

दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघं तरुण भट्टीपुढं उभे राहून सांगतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. देव हतबल आहे असं ते म्हणत नाहीत.

धोटा | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

दादा, मला माहीत नव्हतं. माफ करा. तुमची दोरी मी कापणार नाही.

जुळे_सोलापूरकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

सात_रस्ता, तुमच्याबरोबर दोन मिनिटं नुसता बसलोय असं समजा.

ईयोबाचं नाव निघालंच आहे तर एक. त्याच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण आल्यावर ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं तिथून बिघडलं. त्यांची वाक्यं सुटी वाचा, देव न्यायी आहे, दुष्टाला शिक्षा होते, पश्चात्ताप कर. यातलं एकेक वाक्य कुठल्याही उपदेशात चालून जाईल. ईयोब मात्र देवावर ओरडतो, जन्मल्या दिवसाला शाप देतो. आणि शेवटी, ४२:७ मध्ये, देव कुणावर रागावतो? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, म्हणतो.

म्हणून मला वाटतं, 'परमेश्वरानं नेलं' हे ईयोबानं जमिनीवर पडून म्हणावं, सात_रस्तांनी म्हणावं. दुसऱ्याच्या दारात चप्पल काढता काढता मी म्हणू नये. शिलाईवालींनाही ते शब्द आतून आले तरच म्हणायचे.

हुतात्मा_एक्सप्रेस | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

नोकरीसाठी पुण्याला माझं जाणं-येणं असतं. दौंड सोडलं की केडगाव लागतं, आणि गाडी थांबो न थांबो, मी खिडकीतून बघतो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आश्रम, तिथलं.

त्यांचा पंचनामा करून बघा. तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या, तो भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी लग्न झालं, दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला. कडेवर लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आता तरी सुखाचे दिवस, म्हणावं तर नाही. जिच्या हाती मुक्तीचं काम सोपवायचं ती मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठी बायबल करत होत्या. काम सोडलं नाही. ते पुरं करून एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या.

दुष्काळाची भूक त्यांनी स्वतः सोसली होती, म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या, असं म्हणायचा मोह मला होतो. पण मग आई-वडिलांचा भुकेनं झालेला मृत्यू 'चांगल्यासाठी' होता का? नाही म्हणवत. त्या मुली वाचल्या हेही खरं आणि ते मेले हेही खरं, आणि एकानं दुसरं फिटत नाही. मुलगी गेल्यावरही बाई बायबलाचं काम करत राहिल्या, एवढंच डोळ्यांसमोर आणतो. स्तोत्रसंहितेत 'परमेश्वर चांगला आहे' हे पुन्हा पुन्हा येतं. ते शब्द मराठीत लिहिताना त्यांचा हात किती वेळ थांबला असेल?

पंढरीची_वाट | ११ फेब्रुवारी, दुपारी २:५०

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. शिलाईवाली ताईंसाठी फक्त एवढं की आमच्याकडंही दुष्काळात बायको-मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी कडकडून भांडतात. भांडतात आणि पाय सोडत नाहीत. भांडण जवळच्याशीच होतं.

हुतात्मा_एक्सप्रेस | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

पंढरीची_वाट, धन्यवाद. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. त्या पुलावर आज तुम्ही-आम्ही भेटलो.

शिलाईवाली | १३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

सगळं वाचलं, मुलीलाही वाचून दाखवलं. सात_रस्ता दादा, तुमचं वाचून मी मशीन बंद करून बसले. तुमच्या मुलासाठी आणि तुमच्यासाठी रडले. तुमची 'योजना' मला आता टोचत नाही, कारण ती कुठून येते ते कळलं.

उजनीचं_पाणी, आमच्याकडं पाचव्या दिवशी येतं, मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला. आधी हे भरायचे. आता मी आणि मुलगी. दोन बॅरल, टाकी आणि हंडे. का विचारलं?

आता काल घडलेलं सांगते. संध्याकाळी भाकऱ्या थापत होते. थापता थापता एक जुनं भजन गुणगुणत होते, ह्यांच्या आवडीचं. दुसऱ्या कडव्याला मी शब्द विसरले आणि थांबले. मागून आवाज आला. हे म्हणत होते. 'उद्या' नाही, ते शब्दच, कडव्याचे. पाच-सहा शब्द, सुरात. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली, तव्यावरची करपली. मी वळून म्हटलं, पाणी म्हणा, पाणी. ते म्हणाले, उद्या.

हे काय आहे? आशा धरू का नको?

निवृत्त_परिचारिका | १३ फेब्रुवारी, रात्री ११:४५

बाळा! वाचाउपचार_सोलापूर, कुठं आहात? हा तुमचा प्रांत.

सात_रस्ता | १४ फेब्रुवारी, सकाळी ५:५०

ताई, स्तुती असो! हा चमत्कार आहे, साक्षीत हेच सांगा!

वाचाउपचार_सोलापूर | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

ताई, आशा धरा, आणि कसली धरायची ते समजून घ्या.

तुमचे मिस्टर उजव्या बाजूनं गेलेत म्हणजे मार मेंदूच्या डाव्या अर्ध्याला बसलाय. बहुतेकांची बोलण्याची केंद्रं तिथंच असतात. पण चाल आणि सूर सांभाळण्यात उजव्या अर्ध्याचा मोठा वाटा असतो. त्यामुळं ज्यांना 'पाणी' म्हणता येत नाही त्यांना पाठ असलेलं गाणं, प्रार्थना, एक-दोन-तीन मोजणं जमतं, असं आम्हाला नेहमी दिसतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा येणंही या आजारात ओळखीचं आहे. ते हट्टानं 'उद्या' म्हणत नाहीत, मनात 'पाणी'च असतं, तोंडाशी येईपर्यंत त्याचं 'उद्या' होतं.

ह्याचा उपयोग करता येतो. 'पा-णी' दोन सुरांत म्हणा, त्यांचा डावा हात धरून मांडीवर ताल द्या, आधी तुम्ही, मग दोघं, मग ते एकटे. रोज थोडं थोडं. जवळच्या वाचाउपचार तज्ज्ञाला दाखवाच. आठ महिने झाले म्हणून संपलं असं नाही, वर्ष-दोन वर्षांनीही सुधारणा होताना मी बघितली आहे. किती होईल याचा शब्द कुणी देऊ नये, मीही देत नाही.

आणि सात_रस्ता, प्रेमानं म्हणतो, याला मंडळीत चमत्कार म्हणून उभं करू नका. पुढच्या महिन्यात सुधारणा अडली तर लोक म्हणतील विश्वास कमी पडला. त्याचा भार परत ताईंवर येईल.

सात_रस्ता | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:४१

बरोबर आहे तुमचं. मी ते मागं घेतो. स्तुती मागं घेत नाही.

भाकरी_चटणी | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:००

रोमकरांस पत्राचं ८:२८ पहिल्या दिवशी निघालं होतं, त्याच्या दोनच वचनं आधी बघा. काय प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. मी ते नेहमी घाईनं वाचत आले. शिलाईवालीच्या घरातला तो एक शब्द ऐकल्यापासून घाई होत नाही.

हुरडा_पार्टी | १५ फेब्रुवारी, दुपारी १:१०

ताई, सणाला लिलाव असतो ना तुमच्याकडं? आमच्याकडं गेल्या वर्षी एका गावरान कोंबड्यावरून दोन वडीलधारे असे इरेला पेटले की तेवढ्यात मंडळीचे नवे पंखे आले. कोंबडा शेवटी ज्यानं आणला त्याच्याच घरी परत गेला.

डाळिंब_सांगोला | १५ फेब्रुवारी, दुपारी १:३०

आमच्याकडं भोपळा. तीन वर्षं तोच माणूस घेतो, परत मंडळीलाच देतो आणि पुन्हा लिलावात बोली लावतो.

शिलाईवाली | १० मार्च, रात्री ९:५५

सण परवा झाला. ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी लिहिते.

साक्ष मी लिहून नेली नाही. आधी पाळकसाहेबांना जाऊन खरं सांगितलं की ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मला वाटलं नाराज होतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, बाई, गेल्या वर्षभरात किती रविवारी माझंही निघालेलं नाही. मग दोघांनी मिळून स्तोत्र १३ ठरवलं. सहाच वचनं. पहिल्या चारांत नुसती तक्रार आणि विनवणी, 'कोठवर' हा शब्द चारदा येतो. शेवटच्या दोनांत भरवसा, परमेश्वरानं माझ्यावर उपकार केले म्हणून मी गाईन.

वेदीपुढं जोंधळ्याच्या कणसांच्या पेंढ्या, भोपळे, वांगी, अंड्यांची टोपली, कडक भाकऱ्यांची चवड. हे पहिल्या बाकावर, काठी मांडीवर आडवी. मी सांगोल्याच्या दादांनी सांगितल्यासारखा पंचनामा केला. ब्रशपासून. दोन तासांचंही सांगितलं, ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त इथं. मग म्हटलं, मी चार वचनं वाचणार आहे, पाचवं आणि सहावं आज मला वाचता येत नाही, ते मंडळीनं माझ्यासाठी वाचावं.

'हे परमेश्वरा, कोठवर' वाचून मी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात हे मोठ्यानं म्हणाले, 'उद्या.'

सगळं एकदम शांत झालं. माझी मुलगी आधी हसली, मग रडायला लागली, मग मंडळीतली निम्मी माणसं. मला माहीत आहे ते कशालाही उद्याच म्हणतात. वाचाउपचारवाल्या सरांनी सांगितलंय, मी लक्षात ठेवलंय, आणि कुणी याचं काही करू नये. पण मी ऐकलं ते ऐकलं. पुढची वचनं मी वाचली. शेवटची दोन मंडळीनं वाचली, सगळे उभे राहून. मी ओठ हलवले नाहीत. ऐकत उभी राहिले. माझ्यासाठी दुसरं कुणी म्हणत होतं आणि ते मला खोटं वाटलं नाही.

पेटी आता एक तरुण मुलगा शिकतोय. रविवारी दुपारी घरी येतो. तो चुकला की हे डाव्या हातानं त्याची बोटं उचलून बरोबर पट्टीवर ठेवतात. 'पाणी' सुरात दोनदा आलंय, एकदा स्पष्ट.

सात_रस्ता | १० मार्च, रात्री १०:२०

ताई, तुमचा हा निरोप मी बायकोला वाचून दाखवला. मुलगा गेल्यापासून ती उपासनेला येत नाही. ती विचारतेय, पुढच्या रविवारी आम्ही तुमच्या मंडळीत आलो तर चालेल का? मागच्या बाकावर बसू.

शिलाईवाली | १० मार्च, रात्री १०:२४

दादा, मागच्या नाही. आमच्या बाकावर या, वहिनींना माझ्याशेजारी बसवा. जेवायला घरी.

हुरडा_पार्टी | १० मार्च, रात्री १०:३०

लिलावात काय झालं ते कुणी सांगेल का?

शिलाईवाली | १० मार्च, रात्री १०:४१

कडक भाकऱ्यांची चवड उजनीचं_पाणी यांनी घेतली, चढ्या बोलीत. ते आमच्याच भागात राहतात हे मला त्या दिवशी कळलं. गेले तीन आठवडे पाण्याच्या रात्री येऊन मोटार लावून देणारा माणूस तेच आहेत, नाव सांगत नव्हते.

उजनीचं_पाणी | १० मार्च, रात्री १०:५०

भाकऱ्या छान होत्या ताई. गुरुवारी रात्री पाणी आहे. लांब पाइप मी आणतो, तुमचा चिरलाय. मुलीला उठवू नका, तिचा पेपर आहे.